अंगठ्यापासून लाळेपर्यंत

देवळ्याच्या तहसील कचेरीबाहेर मी वीस-बावीस वर्षे टंकलेखनाचे दुकान चालवले. प्रतिज्ञापत्रे, वारसनोंदीचे अर्ज, सोसायटीची कागदपत्रे, अधूनमधून जामिनाचे कागद. आलेल्या माणसाला सही येत नसली की शाईचा पॅड पुढे सरकवायचा, त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवायचा आणि शेजारी 'निशाणी डावा अंगठा' असे लिहायचे. उरलेली शाई लोक डोक्याच्या केसांना पुसत. एकदा खेड्यावरचा एक म्हातारा अंगठा पुसता पुसता म्हणाला, "भाऊ, आजवर किती कागदांवर हा टेकवला, त्याची काही गिनती नाही. तो कुठं कुठं गेला, ते कुणी लिहून ठेवतं का?"

मी हसून वेळ मारून नेली. पण २०२२ साली फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला, अटक झालेल्यांचे 'जैविक नमुने' घेऊन त्यांची नोंद ठेवायचा अधिकार पोलिसांना मिळाला आणि म्हाताऱ्याचा प्रश्न पुन्हा आठवला. अंगठ्याच्या जागी आता लाळ किंवा रक्ताचा थेंब आला होता.

मी वकील नाही, शास्त्रज्ञही नाही. या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो आणि दुकानात, चहाच्या टपरीवर, कांदा मार्केटच्या ओट्यावर लोकांना विचारत गेलो. ते काही सर्वेक्षण नव्हते, त्यामुळे टक्केवारी देणार नाही. मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. पोलिसांनी डीएनए वापरावा की नाही, या प्रश्नाला आपल्याकडचा सामान्य माणूस एका शब्दात उत्तर देत नाही. तपासासाठी वापरायला त्याची हरकत नसते. नोंदवहीत कायमचे ठेवायचे म्हटले की मात्र तो प्रश्न विचारू लागतो : कोणाचा ठेवणार, किती दिवस, कोणाच्या ताब्यात, आणि मी निर्दोष सुटलो तर काय? तपासणी आणि साठवण यांतला हा फरक पुस्तकी चर्चेत पुष्कळदा पुसला जातो. तो नीट समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

ठशांची सुरुवात आपल्याच देशात

माणसाची ओळख त्याच्या शरीरावरून नोंदवायचा उद्योग भारतात नवा नाही. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून खडीच्या करारावर सहीबरोबर हाताच्या पंजाचा ठसा घेतला. ठेकेदाराने पुढे करार नाकारू नये, हा त्यामागचा हिशेब. १८९७ साली कोलकात्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. ते जगातले अशा प्रकारचे पहिले मानले जाते. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने प्रसिद्ध झाली, पण तिचे गणित बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता.

नंतर १९२० चा कैद्यांची ओळख कायदा आला. एक वर्ष किंवा त्याहून अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांची वा अटक झालेल्यांची मापे, म्हणजे बोटांचे व पावलांचे ठसे, त्या कायद्याने घेता येत. आधी शिक्षा न झालेला माणूस सुटला, तर नोंद नष्ट करायची तरतूदही त्यात होती. स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला तो राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चा : आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, मग ठशाची सक्ती कशी चालते? 'मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड' या १९६१ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने त्याचे उत्तर दिले. अंगठा देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे, असे बहुमताने ठरले. साक्ष माणसाच्या माहितीतून येते. ठसा बदलता येत नाही आणि तो स्वतःहून काही सांगतही नाही. रक्त आणि लाळ घेण्याचे समर्थनही आज याच वाटेने केले जाते.

पण अंगठा आणि लाळ एका मापाने मोजता येतील का? ठशावरून माणूस तोच की दुसरा, एवढे कळते. लाळेतून त्याचे आईबाप, भाऊ आणि लेकरे कोण, हेही कळू शकते.

लाळेत काय सापडते

डीएनए म्हणजे पेशीत जपलेली सुमारे तीन अब्ज अक्षरांची पोथी असे समजा. कोणत्याही दोन माणसांच्या पोथ्या जवळजवळ सारख्याच असतात. उरलेल्या थोड्या फरकात काही जागा अशा आहेत, की तिथे अक्षरांचा एक छोटा तुकडा ओळीने पुन्हा पुन्हा येतो. कोणाच्यात तो सात वेळा येतो, कोणाच्यात अकरा वेळा. प्रत्येक जागी एक आकडा आईकडून येतो, एक बापाकडून. अशा वीसेक जागांचे आकडे घेतले की जी संख्यांची माळ तयार होते, तिला डीएनए आलेख म्हणायचे. जुळी भावंडे सोडली तर दोन माणसांची माळ पूर्ण जुळण्याची शक्यता नगण्य असते.

इथे आलेख आणि नमुना यांतला फरक ध्यानात ठेवायला हवा. आलेख म्हणजे फक्त आकडे; त्यावरून आजार किंवा स्वभाव वाचता येत नाही. नमुना म्हणजे खुद्द रक्त वा लाळ. तो जपून ठेवला तर त्यातून पुढे कधीही काहीही वाचता येईल. नोंदवहीत आकडे ठेवणे आणि शीतपेटीत रक्त ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या तंत्राचा शोध ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात लावला. पोलिसांनी ते पहिल्यांदा वापरले तेव्हा काय घडले, ते माझ्या दुकानात मी कित्येकांना सांगितले आहे. लेस्टरजवळच्या दोन गावांत १९८३ आणि १९८६ साली पंधरा वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार करून त्यांचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुली दिली. जेफ्रीज यांनी तपासणी केली, तेव्हा दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे निघाले आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. म्हणजे डीएनएने पहिल्याच खेपेला एका निरपराधाला सोडवले. मग पोलिसांनी आसपासच्या सुमारे पाच हजार पुरुषांना रक्त देण्याचे आवाहन केले, आणि लोकांनी दिले. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याने मात्र सोबत काम करणाऱ्या एकाला आपल्या नावाने रक्त द्यायला पाठवले. तो सोबती एका गुत्त्यात हे बोलून गेला म्हणून पिचफोर्क सापडला. जानेवारी १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

भारतात हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रात डॉ. लालजी सिंग यांनी १९८८ च्या सुमारास स्वतःची पद्धत उभी केली. केरळमधील पितृत्वाच्या एका दाव्यात ती न्यायालयाने स्वीकारली. राजीव गांधी हत्येच्या तपासातही तिचा उपयोग झाला. आपल्या राज्यात हे काम न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांकडे आहे. मुंबईतल्या कलिना येथे मुख्यालय आणि नाशिकसह इतर शहरांत प्रादेशिक प्रयोगशाळा, अशी ती रचना आहे.

कायद्याने आधी साठवण केली

डीएनएच्या नोंदवहीसाठी स्वतंत्र कायदा करायचा प्रयत्न झाला होता. डीएनए तंत्रज्ञान विनियमन विधेयक जानेवारी २०१९ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण लोकसभेची मुदत संपल्याने बारगळले. जुलै २०१९ मध्ये ते पुन्हा मांडले गेले. त्यात पाच याद्यांची कल्पना होती : गुन्ह्याच्या जागी मिळालेले आलेख, संशयित व कच्चे कैदी, शिक्षा झालेले गुन्हेगार, बेपत्ता माणसे आणि बेवारस मृतदेह. प्रयोगशाळांना मान्यता देणारे आणि त्यांच्यावर देखरेख करणारे नियामक मंडळही त्यात होते. विधेयक संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. तिने फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल दिला. अशा माहितीचा वापर धर्म, जात किंवा राजकीय मत पाहून माणसे हेरण्यासाठी होईल, ही भीती अगदीच निराधार नाही, असे समितीने नोंदवले होते.

पुढे जुलै २०२३ मध्ये हे विधेयक मागे घेतले गेले. त्यातल्या बहुतेक तरतुदी आधीच आलेल्या ओळख कायद्यात आहेत, असे कारण सांगण्यात आले. पण बेपत्ता माणसांची यादी आणि प्रयोगशाळांवरचे नियामक मंडळ त्या कायद्यात नाही. गोळा करण्याचा अधिकार अमलात आला आणि गोळा झालेल्यावर पहारा ठेवणारी व्यवस्था मागे राहिली.

४ ऑगस्ट २०२२ पासून लागू झालेला हा ओळख कायदा १९२० च्या कायद्यापेक्षा पुष्कळ रुंद आहे. कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला, कोणत्याही गुन्ह्यात अटक झालेला, प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेला, एवढेच नव्हे तर चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन लिहून द्यायचा आदेश झालेला, म्हणजे ज्याला आपल्याकडे 'चॅप्टर केस' म्हणतात त्यातला माणूस, हे सगळे त्याच्या कक्षेत येतात. ठसे, छायाचित्र, डोळ्यांतील बुबुळाची प्रतिमा, सही, हस्ताक्षर आणि जैविक नमुने व त्यांचे विश्लेषण, इतके सगळे 'माप' या एका शब्दात बसवले आहे. माप घेण्याचा अधिकार हेड कॉन्स्टेबलच्या दर्जापासून सुरू होतो. नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षे राहते. नकार देणे हा गुन्हा ठरतो.

एक सवलत आहे. महिला किंवा बालकांविरुद्धचा गुन्हा नसेल आणि शिक्षा सात वर्षांपेक्षा कमी असेल, तर अटक झालेल्या माणसाला जैविक नमुना द्यायची सक्ती करता येत नाही. पण ही सवलत किती जणांना माहीत आहे? आमच्या भागात कांद्याचा भाव पडला की रास्ता रोको ठरलेला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, तेव्हा जिल्हाभर लिलाव बंद पडले आणि आंदोलने झाली. रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्याला ताब्यात घेतले, अटक दाखवली, तर त्याचे ठसे आणि फोटो या कायद्याने घेता येतात. लाळ मात्र तो नाकारू शकतो. हे मी उमराण्याच्या एका तरुण शेतकऱ्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "पोलीस ठाण्यात 'नाही' म्हणायची कुणाची छाती आहे? कायद्यात लिहिलंय म्हणून कुणी वाचून दाखवणार आहे का?"

सुटलेल्यांचे काय? आधी शिक्षा न झालेला माणूस खटल्याविना सुटला किंवा सगळी अपिले संपून निर्दोष ठरला, तर नोंद नष्ट करावी असे कायदा म्हणतो. त्यालाही अपवाद आहे. न्यायालय कारणे नोंदवून वेगळा आदेश देऊ शकते. आणि नियमांनुसार नोंद पुसण्यासाठी त्या माणसाने राज्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे विनंती करायची असते. एवढी वर्षे मी लोकांचे अर्ज टंकले. पीककर्ज, रेशनकार्ड, बिनशेती, दाखले, काय काय अर्ज लिहिले. माझी नोंद पुसा असा अर्ज घेऊन आजवर एकही माणूस माझ्या दुकानात आला नाही.

लोक काय म्हणतात

सर्वांत ठाम बोलतात ते मुलींचे आईबाप. शाळा-कॉलेजला एसटीने जाणारी मुलगी घरात असली की मत स्पष्ट असते. "ज्यानं केलं तो सापडलाच पाहिजे, मग रक्त घ्या नाहीतर आणखी काही घ्या," असे एक बाई म्हणाल्या. या मताला हलके लेखणे चूक ठरेल. अत्याचाराच्या गुन्ह्यात साक्षीदार नसतो, पीडितेच्याच शब्दावर संशय घेतला जातो, अशा ठिकाणी डीएनए हा तिच्या बाजूने उभा राहणारा साक्षीदार असतो. लेस्टरच्या पाच हजार पुरुषांनी बाही वर केली, तीही याच भावनेने.

दुसरे मत बेपत्ता माणसांच्या घरचे. पेणजवळ मे २०१२ मध्ये सापडलेले मानवी अवशेष कोणाचे, हा प्रश्न तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, शीना बोरा प्रकरणाच्या तपासात पुढे आला आणि डीएनए तपासणी झाली. बेवारस मृतदेहांची नोंदवही असती आणि ती बेपत्तांच्या नातेवाइकांशी ताडून पाहिली गेली असती, तर अशी कितीतरी घरे इतकी वर्षे वाट पाहत बसली नसती. नोंदवहीचा हा सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत माणुसकीचा उपयोग, आणि नेमका तोच मागे घेतलेल्या विधेयकाबरोबर गेला.

तिसरे मत तरुणांचे : "आधार झालंच आहे, तसं सगळ्यांचं घेऊन टाका. भेदभाव नको." वरवर हे न्याय्य वाटते. कुवेतने २०१५ मध्ये सगळ्या रहिवाशांचे डीएनए घेण्याचा कायदा केला होता. २०१७ मध्ये तिथल्याच घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. आधारबद्दल सांगायचे, तर त्यातले बोटांचे ठसे तपासासाठी पोलिसांना द्यायला आधार कायद्याची मनाई आहे. म्हणजे एका कामासाठी घेतलेली ओळख दुसऱ्या कामाला लावायची नाही, हे तत्त्व आपण एके ठिकाणी मान्य केलेले आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्यामागेही हाच विचार आहे.

चौथे मत फार थोड्या शब्दांत मिळते. भिल्ल वस्तीवर किंवा पालावर हा विषय काढला की माणसे आधी गप्प होतात. एक जण शेवटी एवढेच म्हणाला, "आमचं तर पहिल्यापासूनच लिहिलेलं आहे."

आधीची नोंदवही

तो काय म्हणत होता, हे समजायला इतिहास पाहावा लागतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पुढच्या दुरुस्त्यांनी तो देशभर पसरला. नाव नोंदवायचे, ठसे द्यायचे, हजेरी लावायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत त्याच काळातली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांच्या वहीतला संशय टिकून राहिला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे नव्याने सांगायला नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतील जातिभेदाविषयी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींवर 'सराईत' हा शिक्का मारू नका असे पुन्हा बजावावे लागले, यावरून ती वही किती चिवट आहे हे कळते.

आमच्याच जिल्ह्यातले एक उदाहरण द्यावेसे वाटते. २००३ साली घडलेल्या एका भीषण हत्याकांडाचा खटला नाशिकच्या सत्र न्यायालयात चालला. भटक्या जमातींतील सहा जणांना तिथे फाशी सुनावली गेली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी कायम केली. दहा वर्षांनी, मार्च २०१९ मध्ये, प्रकरण पुन्हा तपासून त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. तोवर सोळा वर्षे गेली होती. निकालातला एक तपशील मला विसरता येत नाही. घटनेनंतर जखमी प्रत्यक्षदर्शी महिलेला पोलिसांकडचा गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवला होता. त्यातून तिने चार वेगळ्याच माणसांकडे बोट दाखवले होते. त्या चौघांचा तपास पुढे झालाच नाही.

या प्रकरणाचे दोन अर्थ लागतात. डीएनएची विश्वासार्ह तपासणी अशा निरपराधांना वाचवू शकते, हा पहिला. दुसरा असा, की पोलिसांकडे नोंदवही त्याही वेळी होती. तिने दाखवलेली वाट सोयीची नव्हती म्हणून सोडून दिली गेली. वही मोठी केली म्हणून तपास प्रामाणिक होत नाही.

नोंदवहीत नावे कोणाची येतात, तर पोलीस ज्यांना उचलतात त्यांची. इंग्लंडची राष्ट्रीय नोंदवही १९९५ साली सुरू झाली. २००९ च्या एका अहवालात, तिथल्या तरुण कृष्णवर्णीय पुरुषांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांचे आलेख तिच्यात असल्याचा अंदाज मांडला गेला. शेफील्डमधल्या अकरा वर्षांच्या एका मुलाला २००१ मध्ये अटक झाली, तो निर्दोष सुटला, तरी त्याचे नमुने पोलिसांनी परत दिले नाहीत. ४ डिसेंबर २००८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की निर्दोषांचे डीएनए असे सरसकट ठेवणे हा खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग आहे. मग ब्रिटनने २०१२ मध्ये कायदा बदलला आणि १७ लाखांहून अधिक आलेख पुसले. पुसल्यामुळे तिथली नोंदवही बंद पडली नाही. ती आजही चालू आहे.

भाऊबंदांचे काय

खेड्यातल्या माणसाला सर्वांत चटकन पटणारा मुद्दा भाऊबंदकीचा. पुरुषांमधले वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. आमच्याकडे एकेका गावात आहेर, देवरे, निकम अशा एकाच आडनावाची कित्येक घरे असतात, मूळ पुरुष एकच असतो. लैंगिक अत्याचाराच्या तपासात पुष्कळदा केवळ वाय गुणसूत्राचा आलेख काढला जातो. तो जुळला म्हणजे गुन्हेगार त्या कुळातला असू शकतो, एवढेच म्हणता येते. 'डीएनए जुळला' असे पेपरात छापून आले की वाचणाऱ्याला मात्र शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटते.

आता नोंदवहीचा विचार करा. एकाचा आलेख तिच्यात गेला की त्याच्या भावाचा, मुलाचा अर्धामुर्धा पत्ता आपोआप आत गेला. अमेरिकेत एप्रिल २०१८ मध्ये जोसेफ डीअँजेलो हा जुना खुनी सापडला तो असाच. वंशावळ शोधण्यासाठी त्याच्या दूरच्या नातलगांनी स्वतःहून एका संकेतस्थळावर टाकलेल्या डीएनएवरून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले. गुन्हेगार पकडला गेला हे चांगलेच झाले. पण त्या नातलगांना कोणी विचारले नव्हते. सातबाऱ्यावर चुलतभावाने परस्पर नोंद केली तर आपण तहसीलदारापर्यंत धावतो. इथे भावाच्या लाळेबरोबर आपलीही नोंद होते आणि आपल्याला नोटीससुद्धा येत नाही.

मुद्देमालाचा प्रवास

"मशीन खोटं बोलत नाही, पण मशीनपर्यंत जाईस्तोवर मधे माणसंच असतात," असे एकदा पंच म्हणून सही केलेला एक शेतकरी म्हणाला. पंचनाम्याला उभे राहिलेल्या माणसाला पिशवीला सील कोणी लावले, लावले की नाही, हे ठाऊक असते.

न्यायालयांनीही हेच म्हटले आहे. ठाणे जिल्ह्यातल्या २०१० च्या एका प्रकरणात सहा वर्षांच्या मुलीचा अत्याचार करून खून झाला होता. आरोपीला फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. नमुने घेतल्यानंतर ते प्रयोगशाळेत जाण्यास उशीर का झाला, मधल्या काळात ते कोणाकडे होते, याचा समाधानकारक खुलासा नव्हता. त्या लेकराला न्याय मिळाला नाही, आणि फाशीच्या छायेत गेलेली वर्षेही त्या माणसाला परत मिळाली नाहीत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी सूचना दिल्या : नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेकडे पोहोचवावा, तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही ठेवावी, न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो उघडू नये.

पुण्यातले मे २०२४ चे अपघात प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. अल्पवयीन मुलाच्या रक्ताचा नमुना रुग्णालयातच बदलला गेला, असा पोलिसांचा आरोप आहे. वडिलांच्या डीएनएशी तो जुळेना, म्हणून संशय बळावला. म्हणजे डीएनएने बनाव उघडा पाडला, आणि त्याच वेळी नमुना किती सहज बदलता येतो हेही दिसले. पैसेवाल्याचे रक्त बदलू शकत असेल, तर गरिबाचेही त्याच्या नकळत बदलू शकते. शीना बोरा प्रकरणातले अवशेष जून २०२४ मध्ये 'सापडत नाहीत' असे न्यायालयाला सांगण्यात आले आणि काही आठवड्यांनी तपास यंत्रणेच्याच दिल्लीतल्या कोठारात ते मिळाले.

युरोपातला एक किस्सा तर आपल्या कापूसवाल्यांनी ऐकावा असा. जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात २००७ साली एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथे ज्या स्त्रीचा डीएनए मिळाला, तिचाच जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या जागी मिळाला होता. दोन वर्षे पोलीस तिला शोधत राहिले. मार्च २००९ मध्ये उलगडा झाला : नमुने टिपायच्या कापसाच्या बोळ्यांवरच तो डीएनए होता. बोळे भरणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार बाईचा.

अटी

एवढे सगळे ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग डीएनए नकोच. मला तसे वाटत नाही, आणि मी ज्यांच्याशी बोललो त्यांतल्या कोणालाच तसे वाटले नाही. गंभीर गुन्ह्यात आरोपीचा नमुना घेऊन त्या गुन्ह्यापुरता ताडून पाहणे, बेपत्ता माणसांचा आणि बेवारस मृतदेहांचा शोध घेणे, याला सगळ्यांचीच संमती दिसते. साठवणुकीला मात्र लोकांनी अटी घातल्या. त्या मी माझ्या जुन्या सवयीने, अर्जातल्या मागण्यांसारख्या लिहून काढतो.

कायमची नोंद दोषी ठरलेल्यांचीच, आणि तीही गंभीर गुन्ह्यांत. आंदोलनात किंवा चॅप्टर केसमध्ये नाव आले म्हणून लाळ मागू नये. निर्दोष सुटला की नोंद अर्जाविना, आपोआप पुसावी आणि पुसल्याचा कागद त्याच्या हाती द्यावा. आलेख काढून झाल्यावर रक्त-लाळ नष्ट करावी. प्रयोगशाळा पोलिसांच्या हुकमाखाली नसाव्यात, त्यांच्यावर स्वतंत्र देखरेख असावी. नमुना घेताना माणसाला त्याच्या भाषेत सांगावे, की हे कशासाठी, किती दिवसांसाठी आणि तू कोणत्या प्रसंगी नाही म्हणू शकतोस. बेपत्ता माणसांच्या नातलगांनी दिलेले रक्त फक्त त्याच शोधासाठी वापरावे.

यातली एकही मागणी परदेशी नाही. १९२० च्या इंग्रजी कायद्यात सुटलेल्याची नोंद नष्ट करायची तरतूद होती, हे आपण विसरू नये.

दुकान आता माझा पुतण्या चालवतो. टंकयंत्र जाऊन संगणक आला, शाईच्या पॅडशेजारी बोटाचे यंत्र आले. मध्यंतरी एक म्हातारी पेन्शनच्या कामासाठी आली होती. यंत्रावर तिचे बोट काही केल्या उमटेना. आयुष्यभर खुरपे धरून रेषा झिजल्या होत्या. पुतण्याने दोन-तीनदा बोट पुसून पाहिले, शेवटी पॅड पुढे ओढला आणि कागदावर अंगठा घेतला. तिने शाई केसांना पुसली आणि विचारले, "आता हा कागद कुठं जाईल रे बाबा?" या वेळी मी हसलो नाही. कोणत्या टेबलावर जाईल, तिथून कुठे जाईल, किती वर्षे राहील, ते मला ठाऊक होते तेवढे तिला नीट सांगितले.